सोळाव्या सोमवारचे विमान

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी हनुमंतरावांनी जेवणाच्या टेबलावर टॅबलेट असा आपटला, की शेजारच्या वाटीतले लोणचे टेबलक्लॉथवर आले.

"काळा! नुसता काळाठिक्कर! शनिवारपर्यंत बरा चालत होता, आणि आज, नेमका आज याला मरण आलंय!"

हे ते बायकोला म्हणाले. शालनताई ओट्यापाशी तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, कारण मान वर करणेही बोलण्यातच जमा होते. सोमवारी दुपारी बारापासून सूर्यास्तापर्यंत त्यांचे काष्ठमौन असे. साध्या मौनात माणूस खुणा करतो, पाटीवर लिहितो, डोळे मोठे करतो. काष्ठमौनात यातले काहीच चालत नाही. लाकूड होऊन राहायचे. घरातले काम तेवढे चालते. ते कुठल्याच व्रतात बंद नसते.

"विचारतोय कोणाला मी? भिंतीला!" हनुमंतराव म्हणाले आणि पुन्हा टॅबलेटवर बोट मारू लागले. टॅबलेटवर एकच ओळ आली. 'संगणक सापडत नाही.'

"सापडत नाही? अरे, तुझ्या नाकासमोर आहे! दीड फुटावर!"

हनुमंतराव तळेगावच्या एका कारखान्यात तीस वर्षे क्रेन चालवत होते. पस्तीस फुटांवरच्या केबिनमध्ये बसून खालच्या माणसांवर ओरडणे हा त्या नोकरीचा भाग होता. निवृत्त झाल्यावर क्रेन सुटली, ओरडणे सुटले नाही. मग त्यांनी घरात विमान आणले. म्हणजे कॉम्प्युटरवरचे. टेबलावर मोठा स्क्रीन, त्यात विमानाच्या काचेतून दिसावे तसे आकाश. हाताशी दांडा, पायाशी पेडल, आणि समोर पाटावर उभा केलेला टॅबलेट. विमान किती उंचावर आहे, किती वेगात आहे, नाक कुठल्या दिशेला आहे, ही सगळी घड्याळे कॉम्प्युटरकडून वायफायवरून त्या टॅबलेटवर उमटत. आकाश आणि घड्याळे एकाच स्क्रीनवर घेतली की त्यांचा कॉम्प्युटर दमून जाई आणि विमान बोरघाटात चढणाऱ्या भरल्या ट्रकसारखे आचके देई.

अशा घरबसल्या वैमानिकांचा 'नभांगण' नावाचा एक क्लब होता, आणि त्या क्लबात कॅप्टन होण्याची परीक्षा होती. मुंबईहून उडायचे, पुण्याला उतरायचे. परीक्षक आपल्या घरी बसून सगळे बघणार आणि ऐकणार. हनुमंतराव दोनदा नापास झाले होते. पहिल्यांदा ते धावपट्टी सोडून उतरले. दुसऱ्यांदा उतरले धावपट्टीवरच, पण क्लबात खऱ्या विमानासारखा एक कडक नियम होता. दहा हजार फुटांच्या खाली आले, की वैमानिकाने कामाखेरीज एक अक्षर बोलायचे नाही. हनुमंतराव नऊशे फुटांवर असताना दाराची बेल वाजली आणि ते ओरडले, "अगं, दार उघड की! बहिरी झालीस का?" परीक्षक अनघा मॅडमनी शेऱ्यात लिहिले, 'उमेदवार उतरताना जमिनीवरच्या लोकांशी भांडतो.'

आजची तिसरी संधी शेवटची होती. साडेचारला. ही गेली की क्लबातून नावच कमी. आणि बी विंगमध्ये असे एकही घर उरले नव्हते, की जिथे हनुमंतरावांनी सोमवारी संध्याकाळी आपण कॅप्टन होणार हे सांगितले नव्हते. सोसायटीच्या सीताराम सेक्रेटरींनी सत्काराची शालसुद्धा आणून ठेवली होती.

आता एक गोष्ट हनुमंतरावांना माहीत नव्हती. बायकोचे हे मौन गुडघ्यासाठी आहे अशी त्यांची समजूत होती. दर मंगळवारी सकाळी ते "काय, फरक पडला का?" असे विचारत. पण शालनताईंनी श्रावणातल्या पहिल्या सोमवारी शंकरापुढे उभे राहून सोळा सोमवारांचे काष्ठमौन बोलले होते ते नवऱ्याच्या कॅप्टनकीसाठी. हे त्यांनी कुणाला सांगितले नाही. नवऱ्याला तर नाहीच. "देवाचा आणि विमानाचा काय संबंध?" असे ते म्हणाले असते, आणि त्यावर शालनताईंना राग आला असता. व्रतात राग वर्ज्य होता. त्यांनी पंधरा सोमवार राग गिळला होता. आज सोळावा होता.

तेवढ्यात दार ढकलून बाजीराव आत आले. शालनताईंचे हे धाकटे भाऊ वडिवळ्याचे. खांद्यावर नव्या इंद्रायणी तांदळाचे अर्धे पोते.

"काय दाजी, आज इमान कुनीकडं?"

"विमान गेलं खड्ड्यात! घड्याळंच लागत नाहीत!"

"मंग माझ्या हातात हाय की घड्याळ. घ्या हे."

"बाजीराव, तुम्ही आधी पाणी प्या."

"आक्का, पानी दे गं." शालनताईंनी पाणी आणून ठेवले. बाजीरावांनी बहिणीकडे बघून मान हलवली. "आज बी मुकीच? गुडघा ऱ्हायला न्हाई व्हय अजून?"

तीन वाजेपर्यंत हनुमंतरावांनी टॅबलेट चार वेळा बंद करून चालू केला, कॉम्प्युटर दोनदा, आणि एकदा रागाच्या भरात फ्रीज. मग त्यांनी भाच्याला फोन लावला. गौरव हिंजवडीला कॉम्प्युटरच्याच कंपनीत होता. फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"मामा, मी मीटिंगमध्ये आहे."

"मीटिंग गेली उडत! साडेचारला माझं विमान आहे. टॅबला कॉम्प्युटर दिसत नाही."

"बरं, एक सांगा. टॅब आणि कॉम्प्युटर दोन्ही एकाच वायफायवर आहेत ना?"

ओट्यापाशी शेंग सोलणारा हात थांबला.

शालनताईंना एकदम सगळे दिसले. काल, रविवारी सकाळी, हनुमंतराव लोणावळ्याला मित्राच्या वास्तुशांतीला गेले होते. सातच्या ठोक्याला शालनताईंच्या गटाचे सामुदायिक स्तोत्रपठण असते, ते त्या याच टॅबलेटवर लावतात. काल नेमके घरचे नेट गेले. तेव्हा शेजारच्या तेजलने येऊन टॅबलेट आपल्या वायफायवर लावून दिला होता. "भिंतीला भिंत आहे काकू, फुल्ल येईल," ती म्हणाली होती. तासाभराने घरचे नेट परत आले, पण टॅबलेट तिकडेच राहिला. संध्याकाळी नवऱ्याला सांगायचे राहिले. आज सकाळी सांगणार, तर हनुमंतराव परीक्षेसाठी दाढी कोरायला गेले ते साडेबाराला परतले.

इकडे हनुमंतराव फोनवर फुटत होते. "अरे, घर एक, डबा एक, बिल एक! दुसरं वायफाय काय मी भाड्यानं आणणार आहे?"

"तसं नाही मामा. एकदा नाव बघून घ्या ना फक्त."

हनुमंतरावांनी चष्मा कपाळावर तसाच ठेवून टॅबलेट लांब धरला. त्या इमारतीत झाडून सगळ्यांकडे एकाच केबलवाल्याचे डबे होते. नावे सारखीच, शेवटचे चार आकडे तेवढे वेगळे.

"आहे, आपलंच आहे. चारही दांड्या भरलेल्या आहेत. पुढं बोल!"

शालनताईंच्या मुठीत शेंगेचा चुरा झाला. दोन शब्दांचे काम होते. 'तेजलचं नेट.' संपले. पण ते दोन शब्द तोंडातून गेले, की सोळावा सोमवार गेला. सोळावा गेला, की पंधराही गेले. मग नवऱ्याची घड्याळे लागणार आणि कॅप्टनकी जाणार. आणि गप्प राहावे, तर घड्याळे लागत नाहीत आणि कॅप्टनकी जातेच. देवाने काय हा पेच घातला, असे मनात आले आणि त्यांनी मनातच कान पकडले.

"मग फायरवॉल असेल," गौरव सांगत होता. "म्हणजे मामा, कॉम्प्युटरचा वॉचमन समजा. तो टॅबला आत सोडत नसेल. बंद करून टाका थोडा वेळ."

हनुमंतरावांनी वॉचमन बंद केला. काही झाले नाही. गौरवने सांगितले म्हणून घड्याळांचे ॲप काढून पुन्हा टाकले. त्यात वीस मिनिटे गेली. मग गौरव म्हणाला, "मामा, मॅनेजर बघतोय माझ्याकडे," आणि फोन कट झाला.

"बघ! रक्ताची माणसं ही!" हनुमंतराव कडाडले. त्यांनी उठून घरच्या वायफायच्या डब्याचे बटण खटकन बंद केले. "आता होऊनच जाऊ दे. सगळं बंद! पहिल्यापासून!"

डब्यावरचे दिवे विझले. घरातले नेट गेले. आणि त्याच क्षणी, बाजीरावांचे बोट लागले म्हणून की काय, टॅबलेटवर खणखणीत आवाजात अभंग सुरू झाला.

दोघे पुरुष टॅबलेटकडे बघत राहिले.

"दाजी, डबा तर बंद हाय."

"दिसतंय मला."

"मंग ह्ये गातंय कशावर?"

शालनताईंनी श्वास रोखला. आता कळेल. आता लहान पोरालाही कळेल.

"म्हंजी देवाचंच नेट दिसतंय," बाजीरावांनी हात जोडले.

"देवाचं कसलं!" हनुमंतरावांनी टेबलावर थाप मारली. "याचा अर्थ सरळ आहे. टॅब ठणठणीत आहे. कॉम्प्युटरच हरामखोर आहे! तीस वर्षं क्रेन चालवली मी, मला बिघाड शिकवू नका. ज्याचं बंद पडतं, दोष त्याचा!"

त्यांनी डबा पुन्हा चालू केला आणि कॉम्प्युटरमागच्या वायरी उपटायला सुरुवात केली. चार वाजले होते. शालनताई हात पुसून टेबलापाशी आल्या. टॅबलेट उचलावा आणि आपणच काहीतरी करावे, असे त्यांच्या मनात होते. तेजलने कुठे दाबले होते ते नीट आठवत नव्हते, पण निदान—

"हात लावू नकोस!" हनुमंतराव टेबलाखालून ओरडले. "तुझ्या त्या स्तोत्रांनीच बिघडलाय हा! दिवसभर तोंड शिवून बसायचं आणि माझ्या वस्तूंना हात लावायचा! काय मिळतं गं तुला या मुकेपणातून?"

व्रतात राग वर्ज्य होता. शालनताई ओट्याकडे परत गेल्या. चेहरा लाकडाचाच होता, पण आत असे काही उकळत होते, की शेगडीची गरज पडू नये. एवढी बोलणी खायची, आणि तीही ज्याच्यासाठी मौन धरले त्याच्याकडून! पंधरा सोमवार! एका सोमवारी गॅसवाला दारावरून परत गेला, एका सोमवारी सारिका मावशीचा फोन वाजून वाजून बंद पडला आणि ती दिवाळीपर्यंत रुसली. कुणासाठी? या दाढी कोरलेल्या माणसासाठी!

त्यांची नजर बाजीरावांच्या पोत्यावर गेली. नवा तांदूळ आला, की वाटीभर शेजारी द्यायचा, ही त्यांच्या माहेरची रीत. आणि ते घरातलेच काम होते.

त्यांनी स्टीलची वाटी भरली आणि त्या बाहेर पडल्या.

तेजलचे दार नुसते लोटलेले होते. आतल्या खोलीत ती कानाला हेडफोन लावून कुणाला तरी इंग्रजीत भराभर काही समजावत होती. दाराशीच चपलांचे कपाट, त्यावर वायफायचा डबा, डब्यामागे बटण. शालनताईंनी वाटी कपाटावर ठेवली. दुसऱ्याच्या घरातले बटण बंद करू नये, असे कुठल्याच व्रतात लिहिलेले नाही. लिहायची वेळच कुणावर आली नसावी. मनातल्या मनात शंकराची आणि तेजलची, दोघांची क्षमा मागून त्यांनी बटण दाबले.

त्या घरात परतल्या तेव्हा चार वाजून वीस मिनिटे झाली होती. हनुमंतरावांनी टॅबलेट दोन्ही हातांत धरला होता आणि ते त्याला शेवटचे सांगत होते. "लागतोस का नाही? शेवटचं विचारतो!" आणि त्यांनी त्याच्या पाठीत एक सणसणीत फटका दिला.

तेजलचे नेट हरवल्यामुळे गोंधळलेला टॅबलेट तेवढ्यात आपल्या जुन्या ओळखीच्या डब्याकडे परतला होता. घड्याळे लागली. उंची, वेग, दिशा, सगळी.

"लागली!" बाजीराव ओरडले.

"लागणारच!" हनुमंतरावांनी कॉलर ताठ केली. "या घरात फटका दिल्याशिवाय काही हलत नाही. तासभर त्या गौरवनं वेळ खाल्ला. अनुभव लागतो, अनुभव!"

शालनताईंनी उरलेल्या शेंगा सोलायला घेतल्या. शेंगा कमी होत्या, हे शेंगांचे नशीब.

साडेचारला स्पीकरमधून अनघा मॅडमचा शांत आवाज आला. "नमस्कार सर. मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकते आहे. दहा हजारांखालचा नियम लक्षात आहे ना?"

"आहे मॅडम."

विमान मुंबईहून उडाले. घड्याळे अगदी शहाण्यासारखी फिरत होती. हनुमंतराव दांड्यावर वाकले होते, बाजीराव त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर. घाट मागे पडला आणि पडद्यावर पाणी चमकले.

"दाजी, ते भुशीचं धरान न्हवं का?"

विमान अजून अकरा हजारांवर होते. "हो," हनुमंतराव म्हणाले.

"आनि तो वडिवळ्याचा तलाव! आमचं खाचर कुटं दिसतंय का बगा की. जरा खाली घ्या."

विमान खाली येतच होते. नऊ हजार आठशे. हनुमंतरावांच्या मानेची शीर टरटरून फुगली. त्यांनी ओठ दाबून धरले.

"अवो, जरा डावीकडनं घ्या. समद्या गावाचं भात कापून झालंय, माझंच अर्धं ऱ्हायलंय. वरनं कसं दिसतं बगू द्या की राव!"

हनुमंतरावांचा चेहरा वांग्याच्या रंगाचा झाला, पण तोंडातून अक्षर निघाले नाही. शालनताई दारात उभ्या राहून बघत होत्या. पाच हजार. तीन हजार. लांबवर पुण्याची धावपट्टी रेघेसारखी दिसू लागली. आणखी पाच मिनिटे. देवा, फक्त पाच मिनिटे.

दीड हजार फुटांवर दार धाडकन उघडले.

"शालनकाकू!"

तेजल दारात उभी होती. हातात तांदळाची वाटी.

"हे काय आहे? हे काय आहे काकू? माझा डेमो चालू होता! सगळी बंगळुरूची मंडळी समोर! सहा महिने केलेलं काम दाखवत होते मी आणि मधेच मी गायब! अर्धा तास केबलवाल्याशी भांडले! तो विचारतोय, मॅडम, दिवा हिरवा आहे का लाल? मी म्हटलं, अरे दिवाच नाही! आणि जाऊन बघते तर बटण बंद, आणि शेजारी तुमची वाटी!"

शालनताई लाकडासारख्या उभ्या राहिल्या.

"बोला ना! आता गप्प का? काल मीच तुमचा टॅब माझ्या नेटवर लावून दिला, त्याचे हे पांग फेडलेत?"

हनुमंतरावांचे डोळे विस्फारले. एक हजार शंभर फूट. मान वळू पाहत होती.

"ओ बाई, हळू," बाजीराव मधे पडले. "इमान उतरतंय."

"कसलं विमान! माझी नोकरी उतरतेय इथं!"

"माज्या भनीवर आवाज चडवायचा न्हाई, सांगून ठिवतो!"

"तुम्ही कोण मधे बोलणारे?"

"मी कोन? ज्येचा तांदूळ हातात घिऊन भांडतीयास, त्यो मी!"

आठशे फूट. विमानाचे नाक डावीकडे कलले. टेबलावरच्या माईकचा लाल दिवा टकमक बघत होता. हनुमंतरावांनी छाती भरून श्वास घेतला, तोच श्वास, जो ते क्रेनवरून ओरडण्यापूर्वी घेत असत. तोंड उघडले.

"गप्प!"

आवाज हनुमंतरावांचा नव्हता.

"गप्प बसा सगळे! बाजीराव, एक अक्षर नको! तेजल, मी बंद केलं, मी पाया पडेन तुझ्या, पण पाच मिनिटांनी! आणि अहो, तुम्ही! तोंड मिटा आणि समोर बघा! समोर!"

खाली गेटवरचा वॉचमन खुर्चीतून उठून वर बघू लागला. एकतीस वर्षांच्या संसारात शालनताईंचा आवाज शेजारच्या खोलीतसुद्धा कधी गेला नव्हता. बाजीरावांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. तेजलच्या हातातल्या वाटीतून चार दाणे फरशीवर पडले आणि तेही सगळ्यांना ऐकू आले. हनुमंतरावांचे तोंड उघडेच होते, पण आतला आवाज कुठे गेला ते त्यांनाच कळले नाही. ते समोर बघू लागले. विमानाचे नाक सरळ झाले. तीनशे. शंभर. चाके धावपट्टीला अशी टेकली, जशी शालनताई देवापुढे समई टेकवत.

स्पीकर खरखरला.

"सर," अनघा मॅडम म्हणाल्या, "दहा हजार फुटांपासून खालपर्यंत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. एवढा गोंधळ चालू असताना मी आजवर कुणाला इतकं शांत बघितलेलं नाही. माझ्याकडून पास. रेकॉर्डिंग समिती ऐकेल आणि सहानंतर सर्टिफिकेटची मेल येईल. आणि मागून ज्या बोलल्या, त्यांना माझा नमस्कार सांगा."

बाजीरावांनी पोत्यातले मूठभर तांदूळ हवेत उधळले. शालनताई तेजलकडे वळल्या आणि खरोखरच वाकल्या. तेजलने त्यांना वरच्या वर धरले.

"काकू, काय हे! पण मला नुसतं सांगायचं होतं ना."

"सांगता आलं असतं, तर बटण कशाला दाबलं असतं, बाळा?"

तेजलला यातले काहीच कळले नाही. ती अजून रागातच होती. डेमो पुन्हा द्यावा लागणार होता. पण जाताना तांदळाची वाटी मात्र तिने घट्ट धरून नेली.

दार लागल्यावर हनुमंतराव खुर्चीतून उठले. आता त्यांचा आवाज परत आला होता.

"म्हणजे टॅब तिच्या नेटवर होता! आणि तुला हे दोन वाजल्यापासून माहीत होतं?"

"सव्वातीनपासून."

"आणि तू शेंगा सोलत बसलीस? माझा जीव जात होता इथं! गुडघ्यापायी नवऱ्याला—"

"गुडघ्याला मलम आहे माझ्याकडं," शालनताई म्हणाल्या. "मौन तुमच्या कॅप्टनकीसाठी होतं. सोळा सोमवार. पंधरा झाले. सोळावा मी आत्ता मोडला, पाच वाजायला दोन मिनिटं असताना."

हनुमंतराव खाली बसले. बाजीराव खिडकीबाहेर बघू लागले.

"बरं," हनुमंतराव म्हणाले, "पण झालो ना पास? मग मोडलं तर मोडलं."

"मेल आली का?"

"सहानंतर येणार."

"सूर्यास्तही सहालाच आहे," शालनताई म्हणाल्या. "व्रताचं फळ तुमचं. उरलेला तास तुम्ही पूर्ण करा."

"मी? काष्ठमौन? अगं, माझा कुठं असल्या गोष्टींवर विश्वास—"

"नका धरू मग. पण मेल नाही आली, तर मला विचारायचं नाही."

हनुमंतरावांनी कॉम्प्युटरकडे पाहिले. मग देवघराकडे पाहिले. मग घड्याळाकडे. पाच वाजून दहा.

"खुणा तरी?"

"नाही. लिहायचं नाही, हसायचं नाही, डोळेसुद्धा मोठे करायचे नाहीत. लाकूड."

हनुमंतराव सोफ्याच्या मधोमध जाऊन बसले, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून. पाच मिनिटे झाली नाहीत, तोच बेल वाजली. सीताराम सेक्रेटरी आले होते. हातात शाल आणि नारळ, मागे अर्धी बी विंग.

"काय कॅप्टन! झालं का काम?"

हनुमंतराव समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

"अहो, पास का नापास?"

भिंतीकडेच. सीतारामांनी तो चेहरा नीट न्याहाळला आणि हातातली शाल हळूच पाठीमागे नेली.

"जाऊ द्या हनुमंतराव. मनाला लावून घेऊ नका. आपलं वय का आहे हे? मी तर बायकोला सकाळीच म्हटलं होतं, क्रेन वेगळी आणि विमान वेगळं."

मागून कुणीतरी "बिचारे" म्हणाले. कुणीतरी म्हणाले, "टाळ्या वाजवायला बोलावलं होतं, आता काय करायचं?" सीताराम शेजारी बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागले. "रडून घ्या हवं तर. आम्ही काय परके आहोत? नारळ मंदिरात देऊ. शाल पुढच्या महिन्यात डॉक्टरांच्या सत्काराला होईल."

"अवो, पर दाजी तर—" बाजीराव उसळले.

"बाजीराव," शालनताई म्हणाल्या, "आतून खुर्च्या आण."

बाजीराव आत गेले. सीताराम शालनताईंकडे वळले. "वहिनी, तुम्हीच सांगा आता. झालं तरी काय?"

शालनताईंनी घड्याळ पाहिले. सहाला अजून पाऊण तास होता. त्यांच्यापाशी पंधरा सोमवारांचे बोलायचे साठलेले होते. त्यांनी पदर खोचला, खुर्ची ओढली आणि अगदी नवऱ्याच्या समोर बसल्या.

"सांगते ना," त्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण मधलं काही गाळणार नाही हं, पहिल्यापासून सांगते. बसा सगळे नीट. तर काय झालं, श्रावणातला पहिला सोमवार होता..."

हनुमंतराव लाकडासारखे बसले होते. कानांपासून पेटत चाललेल्या लाकडासारखे.